अठरा इंचांचे बेंच

जिंतूरला बदली होऊन आले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तिथल्या एका सरकारी कार्यालयात खरेदीचं टेबल माझ्याकडं आलं. कार्यालयाला आणि शाळांना लागणाऱ्या वस्तू नियमानं विकत घ्यायच्या, हे माझं काम. वस्तू कशी हवी ते बारकाईनं लिहायचं, निविदा काढायची, आलेले दर ताडून पाहायचे आणि माल आला की मोजून, तपासून ताब्यात घ्यायचा. माझे वडील पेडगावला भावाजवळ राहतात. सुरुवातीला एकदा गावी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तू करती तरी काय तिथं दिवसभर?"

"खरेदी करते, दादा."

"मंग रोज बाजारातच ऱ्हाती का काय?"

मी हो म्हणाले. समजावून सांगायचं म्हटलं तर ते ऐकत राहिले असते, पण माझ्यातच तेवढा दम नव्हता.

कार्यालयातले बाकी सगळे परभणीहून ये-जा करायचे. पाच-सहा जणांत मिळून एक गाडी होती. गाडीत कोण झोपलं, कुणाच्या डब्यातली मिरची कुणी पळवली, बोरी गावाच्या पुढं कुठं पंक्चर झालं, असं त्यांचं एक वेगळंच जग होतं आणि दुपारी जेवतानाही त्याच गोष्टी चालायच्या. रेकॉर्ड रूममध्ये वर्तमानपत्र अंथरून ते गोल बसत. मला कुणी येऊ नका म्हटलं नाही. पहिल्या आठवड्यात "या मॅडम" म्हणालेही. पुढं तेही थांबलं. खरेदीच्या टेबलावरच्या माणसाजवळ लोक जरा अंतर राखूनच बसतात. फार उठबस दिसली की उगंच बोलायला जागा होते. मग मी डबा टेबलावरच उघडायला लागले. सहाला गाडी गेली की इमारत रिकामी व्हायची आणि मी बस स्टँडमागच्या माझ्या खोलीवर जायची. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

अशात तीन-चार वर्षं गेली आणि वरून एक आदेश आला. सरकारी खरेदीचं काम पाहणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी एका ऑनलाइन शिक्षण पोर्टलवर नोंदणी करायची, त्यावरचे धडे पुरे करायचे आणि शेवटी परीक्षा द्यायची. बरेच जण व्हिडिओ चालू करून चहाला जातात, हे मला माहीत होतं. पहिला धडा मीही तसाच उरकला. दुसऱ्या धड्याला मात्र बसून राहिले. शिकवणाऱ्या बाईंचा फक्त आवाज यायचा, चेहरा कधी दिसला नाही. नियम सांगता सांगता त्या मध्येच म्हणायच्या, "आता जरा थांबा. तुमच्या कार्यालयात असं झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?" आणि मग खरंच दहा-बारा सेकंद गप्प राहायच्या. मला असा प्रश्न कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. एकदा त्या शांततेत मी मोठ्यानं उत्तर देऊन बसले. दारातून शिपाई डोकावले, "मॅडम, मला म्हनलात का काई?"

"नाही हो मामा. कॉम्प्युटरला म्हणाले."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत उभे राहिले, मग गेले.

वर्षभरात पोर्टलवरचे जवळजवळ सगळे धडे माझे झाले. प्रत्येकाचं प्रमाणपत्र मी प्रिंट काढून एका फाइलला लावत गेले. एक पेडगावला नेलं होतं. दादांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटा-सुलटा केला, शिक्क्यावर बोट फिरवलं.

"पगार वाढंल का यानं?"

"न्हाई."

"मंग?"

"शाबासकी हाय, दादा."

"मंग चांगलंच हाय की," म्हणून त्यांनी तो कागद भावाच्या बायकोला दाखवायला आत नेला.

पोर्टलवर एक विभाग होता. कर्मचाऱ्यांनी तिथं एकमेकांना अडचणी विचारायच्या आणि ज्याला माहीत असेल त्यानं उत्तर द्यायचं. नाव आणि जिल्हा एवढंच दिसायचं. एकच निविदा आली तर काय करावं, माल उशिरा आला तर दंड कसा लावावा, असले प्रश्न. बाहेरच्याला ते कंटाळवाणे वाटतील. मी मात्र जेवताना ते वर्तमानपत्रासारखे वाचायची. हळूहळू उत्तरं लिहायला लागले. खाली कुणी "उपयोगी पडलं" असं बटण दाबलं की दुपार बरी जायची.

मग एक दिवस दुसरा आदेश आला. प्रत्येक कार्यालयानं आपल्या अनुभवाचा एक छोटा व्हिडिओ पोर्टलवर टाकायचा. खरेदीत आलेली अडचण आणि तिच्यातून काय शिकलो, असा विषय. अधीक्षक साहेबांनी मला बोलावलं. साहेब निवृत्तीला आले होते. माणूस वाईट नव्हता, कुणाची रजा अडवत नसे.

"मॅडम, हे तुमीच करून टाका," ते म्हणाले. "बाकीच्यांना घरदार हाय, लेकरंबाळं हायेत. तुमाला वेळ ऱ्हातो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मी "बरं साहेब" म्हणून बाहेर आले आणि टेबलावरचे कागद कारण नसताना नीट लावत बसले.

अनुभव काय सांगायचा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. एकच गोष्ट पुढं पुढं येत होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

जिंतूरला आले त्याच वर्षी तालुक्यातल्या काही लहान शाळांसाठी बेंच घ्यायचे होते. दोन मुलांनी बसायचे, लोखंडी पायांचे, पुढं लिहायला फळी जोडलेले. बेंच कसे हवेत याचं वर्णन मलाच लिहायचं होतं आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं, म्हणजे मी कुणाला विचारलं नाही. कपाटात एक जुनी फाइल सापडली, तिच्यातलं वर्णन, म्हणजे स्पेसिफिकेशन, मी जसंच्या तसं उतरवलं. पाइपची जाडी, फळीची रुंदी, रंग आणि बसायची उंची अठरा इंच. ती फाइल हायस्कूलच्या बेंचची होती. माझे बेंच जाणार होते पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी. माल आला तेव्हा मी टेप लावून एकेक बेंच मोजला. सगळे बरोबर अठरा इंच. पुरवठादारानं सांगितलं तसंच दिलं होतं. मी सही केली.

महिन्याभरानं एका शाळेतून फोन आला. कुणी शिक्षक होते. म्हणाले, "मॅडम, पोरांचे पाय टेकंनात खाली. पोरं घसरायलीत."

फाइल समोरच होती. ती उघडताना उंचीच्या आकड्यावर नजर गेली आणि चूक माझ्या ध्यानात आली. मानेपाशी ऊन लागावं तसं झालं. आणि मी फोनवर म्हणाले, "स्पेसिफिकेशनप्रमाणंच आहेत सर. पोरं काय, वाढतील."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा कधी केला नाही.

व्हिडिओ मी रविवारी दुपारी खोलीवर केला. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा केला, साडी बदलली, मागं दोरीवरचे कपडे दिसतात म्हणून ते काढले. आधी कागदावर लिहून घेतलं होतं. ते वाचलं तर सभेत आभार मानल्यासारखं वाटायला लागलं. पाच-सहा वेळा पुसलं. शेवटी कागद बाजूला सारला आणि दादांना सांगावं तसं सांगत गेले. फाइल कशी सापडली, उंची कशी उतरवली, फोन कसा आला आणि मी काय बोलले. कुठं "व्हतं" आलं, कुठं "लय" आलं. संपवून पाहिलं तर अकरा मिनिटं झाली होती. सलग अकरा मिनिटं मी कुणाशी शेवटचं कधी बोलले होते, ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तो व्हिडिओ तीनदा लावला. खोलीत माणसाचा आवाज येतो आहे, एवढ्यासाठी.

सोमवारी साहेबांना दाखवला. त्यांनी पूर्ण पाहिला. चहा आला तरी हात लावला नाही. संपल्यावर चष्मा काढला.

"खरं सांगू का मॅडम, लय जीव लावून बोललात. पन हे टाकता येनार न्हाई."

"का साहेब? त्यांनी तर अडचणच मागितलीय."

"अडचन मागितलीय, चूक न्हाई मागितली. आपल्याच तोंडानं आपली चूक सांगायची? उद्या हे धरून कुनी चौकशी लावली म्हंजे? तुमी तर अडकालच, माझं वर्षभर ऱ्हायलंय, मला बी बेजार करतील." मग जरा खाली वाकून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "अन् भाषा बी जरा बघा की. लय, व्हतं, न्हाई. पुन्या-मुंबईचे लोक बघनार हे. नीट बोलावं मानसानं."

"मग काय सांगू?"

"निविदेचे टप्पे सांगा. सात की आठ असतात ना. तेच सांगा."

मी निविदेचे टप्पे सांगितले. कार्यालयात, नकाशासमोर उभं राहून, शुद्ध भाषेत, सहा मिनिटं. पोर्टलनं तो लगेच मंजूर केला. खाली एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. साहेब खूष झाले, त्यांनी माझ्यासमोर वरच्या कार्यालयाला फोन करून कळवलं, "आमचं झालं बघा." मला त्या व्हिडिओतली बाई अनोळखी वाटली. दुसऱ्यांदा मी तो पाहिला नाही.

पण एकदा बोलून झालेलं परत पोटात जात नाही. त्या आठवड्यात माझं कशातच चित्त लागेना. ज्या शाळेतून फोन आला होता तिचं नाव फाइलमध्ये होतं. इतक्या वर्षांत त्या बाजूला माझं जाणं झालं नव्हतं. आम्ही वस्तू पाठवतो, वस्तूमागं जात नाही. शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं निघाले.

दिवस थंडीचे होते. कापसाची दुसरी वेचणी चालली होती, तुरीला शेंगा लागल्या होत्या. फाट्यावर उतरल्यावर दोनेक किलोमीटर पायी होतं. गावातली निम्मी घरं बंद होती, दाराला कुलूप नाहीतर काटेरी फांदी लावलेली. ऊसतोडीला गेलेल्यांची घरं. टेकाडाला लागून दोन खोल्यांची शाळा दिसली. बाहेर चपलांचे जेमतेम सात-आठ जोड होते.

गुरुजी फळ्यावर बेरजा लिहीत होते. पन्नाशीच्या आसपासचे, सडपातळ, अंगात हातानं विणलेला स्वेटर. मला दारात बघून खडू खाली ठेवला आणि स्वेटर खाली ओढला.

"या मॅडम, या. तपासनी हाय का? आमाला काई निरोप न्हाई आला."

"तपासणी नाही सर. सहज आले. जिंतूरच्या ऑफिसात असते मी, खरेदीला."

त्या शाळेत सहज कुणी येत नसावं. ते तसेच उभे राहिले.

"बेंच बघायचे होते," मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला स्पष्ट दिसला. ते बाजूला सरले.

मला आधी दिसले ते लेकरांचे पाय. सगळ्यांचे तळवे फरशीवर टेकलेले होते. एक पोरगी तर अंगठ्यानं फरशीवरची भेग कोरत होती. मग बेंच पाहिले. रंग तोच, फळी तीच, पण बेंच खुजे झाले होते. पाय खालून कापलेले आणि कापल्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे ताणून बसवलेले, फरशीवर खरखरू नयेत म्हणून.

"कापलेत का सर?"

"व्हय," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "सरकारी वस्तू हाय, मालूम हाय मला मॅडम. पर लेकरं पडायली व्हती. एका पोरीला बसल्या बसल्या डुलकी लागली, अन् ती तोंडावरच आली खाली. हनुवटी फुटली. जिंतूरला नेऊन टाके घालावे लागले. त्याच्या आदी मी ऑफिसला फोन केला व्हता बघा. कुनीतरी बाई व्हत्या. म्हनल्या, स्पेसिफिकेशनप्रमानंच हायेत, पोरं वाढतील." त्यांनी एका बेंचावर हात ठेवला. "वाढली की पोरं. वाढून पुढल्या वर्गात गेली. पर मंग दुसरी आली ना बारकी."

तिथून काही न बोलता परत जाता आलं असतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"त्या बाई मीच होते सर," मी म्हणाले.

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकरांकडं. "चला रे, बाराचा पाढा म्हना सगळ्यांनी," असं त्यांनी सांगितलं. लेकरांचा गलका सुरू झाला तसे ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "असू द्या मॅडम. तुमी तरी काय करनार, तुमाला कागदच दिसतो."

ते टोचून बोलले नव्हते. त्यांनी माझी बाजू घेतली होती. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं. कपाटाच्या तळातून एक पोतं ओढून बाहेर काढलं. जड होतं. तोंडाची सुतळी सोडली तर आत लोखंडी पाइपचे तुकडे, प्रत्येक सहा इंचांचा. दहा बेंच, चाळीस पाय. काही तुकड्यांवर पांढऱ्या रंगात आमच्या कार्यालयाचा अनुक्रमांक होता.

"गावातल्या वेल्डरकडून कापून घेतले. पर एक बी तुकडा टाकला न्हाई," ते म्हणाले. "चाळीस हायेत. मोजून घ्या."

मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजले, कारण ते वाट बघत उभे होते. चाळीस होते.

"हेच्यापायी मॅडम, कुनी सायेब आले की माझं काळीज लटपटायचं. सामानाच्या डेडस्टॉक रजिस्टरला लिहावं तर काय लिहावं? सरकारी बेंच कापले म्हनून? कुनी आलं की मी लेकरांना म्हनायचो, उठा रे, बेंचापुढं उभं राहून गानं म्हना. सांगनार कुनाला? सोबतचे सर बी दोनदा बदलून गेले. आत्ताचे आज मीटिंगला गेलेत, त्यांला बी या पोत्याचं मालूम न्हाई."

मी टेबलावर बसून चूक लपवत होते, तेवढीच वर्षं हा माणूस इथं टेकाडाखाली चाळीस तुकडे लपवून बसला होता. आणि त्याची तर चूकच नव्हती.

मी त्यांना सांगितलं की आधी करून टाकलेल्या कामाला मागाहून मंजुरी घेता येते, तिला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. कारण खरं आणि लेखी असलं पाहिजे, एवढंच. आमच्या पोर्टलवरच्या एका धड्यात ते होतं.

"व्हतं असं?" त्यांचा विश्वास बसेना.

"होतं सर. तुम्ही एक अर्ज द्या. बाकीचं मी लिहिते."

त्यांनी तिथंच अर्ज लिहिला. सुवाच्य, शिक्षकाचं अक्षर. मध्येच पेन थांबवून विचारलं, "तुमाला तकलीफ तर न्हाई ना होनार याच्यानं?" मी नाही म्हणाले. होईल की नाही, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

खिचडीची वेळ झाली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मलाही ताट वाढलं. लेकरांनी सरकून जागा केली, मी त्या खुज्या बेंचवर बसले. गुडघे छातीला लागले. शेजारची पोरगी माझ्याकडं बघून फिसकन हसली, मग सगळीच हसली, गुरुजीही. किती दिवसांनी मी चार माणसांत बसून जेवत होते. खिचडीत मीठ जरा कमी होतं, मी दोनदा घेतली.

परत येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. अर्ज पर्समध्ये होता.

सोमवारी मी टिपणी लिहिली. आमच्याकडं कुठल्याही मंजुरीसाठी आधी टिपणी लागते. तिच्यात सगळं आलं: जुन्या फाइलवरून चुकीची उंची उतरवली गेली, ती माझ्याकडून, शाळेनं कळवूनही दखल घेतली गेली नाही, मुलीला इजा झाली आणि त्यानंतर शिक्षकांनी पाय कापून घेतले, सबब मंजुरी द्यावी आणि बाकीच्या शाळांचेही बेंच पाहावेत. खाली माझी सही.

साहेबांनी ती वाचली आणि माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुमी काई ऐकना गेलात."

"साहेब, ते सर लय वर्षं भीत बसलेत. त्यांचं ओझं तरी उतरंल."

"अन् तुमचं चढंल ना."

"चढू द्या."

टिपणी त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. आठ दिवस ती तिथंच होती. या आठ दिवसांत कार्यालयात ती गोष्ट पसरली, कशी ते ठाऊक नाही. रेकॉर्ड रूममध्ये मी फाइल आणायला गेले की बोलणं थांबायचं. एकीनं मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, कशाला स्वतःहून गळ्यात घेतलंत? कुनी विचारलं व्हतं का?" तिला खरंच कळत नव्हतं. तिची गाडी हॉर्न वाजवत होती, ती पळाली.

नवव्या दिवशी टिपणी माझ्या टेबलावर आली. साहेबांनी सही केली होती आणि एकच बदल केला होता. "माझ्याकडून" हा शब्द खोडून त्या जागी "अनवधानाने" लिहिलं होतं. चूक झाली होती, पण आता ती कुणाची नव्हती. मी फाइल घेऊन त्यांच्याकडं गेले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. तुमची अजून दहा-बारा वर्षं नोकरी हाय." टिपणी त्यांनी स्वतःसाठी अडवली असेल असं मी आठ दिवस धरून चालले होते. मी फाइल परत आणली.

मंजुरीची प्रत शाळेला गेली. गुरुजींचा फोन आला, रजिस्टरला नोंद केली म्हणाले, पोतं आता उघड्यावर ठेवलंय म्हणाले. मग ते म्हणाले, "उन्हाळ्याच्या तोंडाला कारखाने बंद झाले की लेकरं येतील वापस. या मंग. शाळा भरलेली बघा."

त्या बोलावण्यावरून मला एक सुचलं, भरलेल्या शाळेत लेकरांची मापं घेता येतील. पोर्टलवर बेंचच्या मापाबद्दल कुणी काही लिहिलंय का ते मी शोधलं. काही नव्हतं. निविदा कशी उघडायची यावर पानंच्या पानं होती.

एप्रिलात मी पुन्हा त्या शाळेत गेले. शाळा भरलेली होती. ऊसतोडीवरून आलेली लेकरं उन्हानं रापलेली, काहींच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते. मी फरशीवर बसले आणि टेप घेऊन एकेकाची टाच ते गुडघा उंची मोजली. गुरुजी वहीत लिहून घेत होते. पोरं गुदगुल्या झाल्यासारखी पाय ओढून घ्यायची. एक पोरगा पाय पुढं करीना, टाचेला भेगा होत्या म्हणून लाजत होता. मी माझी चप्पल काढून माझी टाच त्याला दाखवली, मग त्यानं मोजू दिलं.

त्याचा मी एक तक्ता केला. पहिली ते चौथी, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, बेंच किती उंच असावा. वर चार ओळी लिहिल्या. त्यात "अनवधानाने" लिहिलं नाही. "मी चुकले होते" असं लिहिलं आणि आपल्याच बोलीत लिहिलं. कुणाची परवानगी घेतली नाही, ती जागा परवानगीची नव्हतीच. तक्ता त्या विचारायच्या-सांगायच्या विभागात टाकला.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग कोकणातल्या एका बाईंचा प्रश्न आला. माझ्यासारख्याच खरेदीच्या टेबलावर होत्या, नव्या असाव्यात. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, आमच्या एका शाळेत पायानं अधू मुलगी आहे. तिच्यासाठी बेंच कसा असावा? इथं मला विचारायला कुणी नाही."

मी दोन दिवस विचार केला. गुरुजींना फोन करून विचारलं, त्यांनाही सांगता येईना. धडे उघडून पाहिले. शेवटी लिहिलं, "मला माहीत नाही. तुम्ही त्या शाळेत जा आणि तिलाच विचारा. कागदावरून ठरवू नका."

आठवड्यानं त्यांचं उत्तर आलं. "गेले होते ताई. तिनं सगळं सांगितलं. मी तिथं तीन तास बसले."

एवढंच. मी खाली लिहिलं, "काय सांगितलं तिनं?" त्याला आता दोन महिने होत आले. त्यांचं उत्तर आलेलं नाही. टेबल बदललं असेल त्यांचं, किंवा तिकडं बोलायला कुणी भेटलं असेल.